बारानंतरचा घास

६ एप्रिल, रविवार

आज सकाळी दुकान उघडलंच नाही. गळ्यात टेप, पिशवीत मापाची वही, आणि सातच्या आत घराबाहेर. ऊन चढायच्या आधी निम्मी गल्ली उरकायची होती. मे महिन्यात आमच्या वाटूरच्या विहारात मुलांचं दहा दिवसांचं अष्टशील शिबिर, म्हणजे आठ शीलं पाळायचं, भरणार आहे. तेरा ते सतरा वयाची अडतीस मुलंमुली. सगळ्यांना पांढरे कपडे लागतील, आणि ते शिवायचं काम मी सेवा म्हणून अंगावर घेतलंय. समितीचा सचिवही मीच. गावच्या शाळेत दहावी झालेल्या टेलरला सचिव केलं ते अक्षर चांगलं आहे म्हणून.

शिबिर घेणारे भिक्षू, आमचे भन्तेजी, त्यांनी सांगितलंय, "शिबिर होईस्तोवर लिहीत जा. बाहेर काय झालं ते थोडं, मनात काय झालं ते जास्त." म्हणून ही वही.

नऊ घरं झाली. एका घरी बाप म्हणाला, "टेलरमामा, पोराचं माप घेता घेता त्याचा मोबाइल बी घेऊन जा. दहा दिवसांत न्हाई सुधरला तर तिकडंच ठेवा."

पोरगा म्हणाला, "कोणाला, मोबाइलला का मला?"

"दोघांला!"

शेवटी मीनाकडे गेलो. मीना माझ्या मूळ गावची लेक. लग्न होऊन इथे आली तेव्हापासून मला दादा म्हणते, तिच्या मुली मामा म्हणतात. नवरा कडुबा जालन्याला एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये आहे, रविवारचा येतो. थोरल्या प्रीतीचं लग्न अठरा मेला ठरलंय. मुलगा आमच्या समितीचे अध्यक्ष राजानंद सर, त्यांचा पुतण्या. धाकटी साक्षी. तिने यंदा दहावीची परीक्षा दिली. शिबिराला पहिलं नाव तिचंच आलं.

साक्षीचं माप घेतलं तर कंबर तेवीस. दिवाळीला सव्वीस होती, वहीत लिहिलेलं आहे. मी म्हणालो, "पोरी, अभ्यास केला का उपास केला?" मीनाच मध्ये बोलली, "फेब्रुवारीत टायफॉईड झाल्ता न्हाई का, संभाजीनगरला आठ दिवस अॅडमिट होती." खरंच की. मी चोवीस धरलं. भरेल पोर.

निघताना मीनाने विचारलं, "दादा, विहारात फ्रिज हाय का?"

"फ्रिज कशाला?"

"न्हाई, आपलं... ताक-बिक ठेवायला."

"मीना, शिबिर हाय, लग्न न्हाई," मी म्हणालो. प्रीती हसली. मीना हसली नाही.

९ एप्रिल

संध्याकाळी सेवकांची पहिली बैठक. स्वयंपाकाला केशरबाई, मुलींसोबत झोपायला दोन बाया, मुलांकडे दोन कॉलेजचे. राजानंद सरांनी माहितीपत्रक छापून आणलंय. वर ठळक लिहिलंय, 'संपूर्ण अष्टशील. दुपारी बारानंतर अन्न नाही.' सर म्हणाले, "बाकीची शिबिरं संध्याकाळी बिस्किटं वाटतात. आपल्याला तसं करायचं नाही. करायचं तर बराबर करायचं."

केशरबाई म्हणाल्या, "लेकरं हायत सर ती. उपाशी पोटी डोळे मिटले की बुद्ध न्हाई दिसत, भाकर दिसती."

सगळे हसले. मी मात्र सरांच्या बाजूने बोललो. म्हणालो, "बावीस वर्षं झाली, दर उपोसथाला, अमावस्या-पौर्णिमेला, मी बारानंतर अन्नाला शिवत नाही. दिवसभर मशीन मारतो. मला काही होत नाही."

सर म्हणाले, "ऐका सचिवांचं."

आता लिहिताना वाटतं, बावीस हा आकडा सांगायची गरज नव्हती. पण सांगताना बरं वाटलं, हेही लिहितो.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी वंदनेनंतर विहारात खीर वाटायला मीच बसलो होतो. साक्षीसमोर वाटी धरली तर तिने हात मागे घेतला. "नको मामा. मी गोड सोडलंय."

"कधीपासून?"

"लई दिवस झाले."

पंधरा वर्षांची पोर. आजूबाजूला सगळी लेकरं दुसरी वाटी मागतायत, आणि ही शांत. माझे डोळे भरून आले. मला चाळिशीपर्यंत चहाची साखर सुटली नाही. शिबिर अजून सुरू व्हायचंय आणि एका लेकरात ते उगवलंसुद्धा.

१६ एप्रिल

पालकांची सभा. चांगली साठ-सत्तर माणसं आली. फोन आणायचे नाहीत, मध्ये भेटायला यायचं नाही, कुणी लेकराला मारणार नाही, रागावणारही नाही, असं सगळं सांगितलं. म्हातारे कचरूबाबा उठून म्हणाले, "नातवाचं जाऊ द्या, मला घेता का? दहा दिवस सुनेची कटकट तरी बंद." सून मागेच बसली होती. ती म्हणाली, "घ्याच! म्या खर्चा देते." मोठा हशा झाला.

बारानंतर उपाशी राहण्याची आयांना धास्ती होती. त्यांना धीर यावा म्हणून मी साक्षीचं उदाहरण दिलं. नाव घेऊन. "या पोरीने कुणी न सांगता गोड सोडलंय. परवा खिरीची वाटी तिने परत केली. लेकरांमधी ताकद असती, आपण ओळखत न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीना तिसऱ्या रांगेत होती. ती उठली आणि बाहेर गेली. स्वभावच लाजाळू तिचा. स्तुती सहन होत नाही.

१८ एप्रिल

सगळे अर्ज आले. रांगेने लावले. 'काही आजार असल्यास' या रकान्यात सगळ्यांनी 'नाही' लिहिलंय, एका मुलाला धुळीचा दमा आहे तेवढा. साक्षीचा रकाना रिकामा होता. खाली मीनाची सही, कडुबाची सही, सगळं बरोबर. घाईत राहिलं असेल. सरांना अर्धवट कागद आवडत नाहीत. मी माझ्या अक्षरात 'नाही' लिहून टाकलं.

२० एप्रिल, रविवार

झोपण्याआधी हे लिहून काढतो.

आज एक दिवसाचा सराव ठेवला होता. मुलांनी आणि सेवकांनी मिळून एक दिवस अष्टशील पाळायचं, म्हणजे शिबिरात अडचण यायला नको. अकरा वाजता जेवणं झाली. दुपारी ऊन एवढं की पंख्याचं वारं अंगाला लागत नव्हतं. तीनच्या सुमारास साक्षी शेजारच्या पोरीवर विनाकारण खेकसली. ती असं कधी बोलत नाही. मी जाऊन पाहिलं तर कपाळावर घामाचे थेंब. सगळ्यांनाच घाम होता. मी म्हणालो, "मन अस्थिर झालं की असं होतं. श्वास बघ."

श्वास बघ म्हणालो मी!

पावणेचारला ध्यानाला बसवलं आणि ती बसल्या बसल्या एका कुशीवर कलंडली. ओठ थरथरत होते. सर ओरडले, "ऊन लागलंय, पाणी मारा." तेवढ्यात आतून केशरबाई धावत आल्या. हातात गुळाचा खडा. तिच्या गालात कोंबला. "चघळ बाई. चघळ म्हणते ना!"

सर म्हणाले, "केशरबाई, बारा वाजून गेलेत."

"घड्याळाला सांगा ते," केशरबाई म्हणाल्या. वर बघितलंसुद्धा नाही.

दहा मिनिटांनी पोर उठून बसली. सर सगळ्यांना सांगत होते, ऊन, ऊन. केशरबाईंनी मला चुलीपाशी बोलावलं आणि हळू बोलल्या, "टेलर, तुम्ही गावाची मापं घेता, एवढं दिसलं न्हाई? माझा भाऊ असाच पडायचा. पोरीच्या बोटांची टोकं बघा, टोचून टोचून काळी पडलीत. साखरंची बीमारी हाय तिला. सुया घेत असंल."

"एवढ्या लहान पोरीला?"

"बीमारी काय वय इचारून येती का?"

घरी येऊन अर्जांची फाइल काढली. साक्षीच्या कागदावर आजाराच्या रकान्यात 'नाही'. अक्षर सुंदर आहे.

२१ एप्रिल

दुकान बंद करून भर दुपारी मीनाकडे गेलो. प्रीती शेजारी गेली होती. मी काही विचारायच्या आधीच मीना बोलायला लागली. टायफॉईड नव्हताच. फेब्रुवारीत पोर सारखी पाणी प्यायची, सुकत चालली, मग एक दिवस शुद्धच गेली. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, जन्मभर इन्सुलिन. सकाळी एक सुई, संध्याकाळी एक. सुई घेतली की वेळेवर खाल्लंच पाहिजे. न्हाईतर कालच्यासारखं होतं, त्याहूनही वाईट होतं. औषध थंड ठेवावं लागतं.

म्हणजे फ्रिज.

मी म्हणालो, "मीना, मला का न्हाई सांगितलं? पोर गेली असती."

"सांगणारच होते दादा. तुम्ही सभेत तिचं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. मंग कुठल्या तोंडानं सांगू?" नंतर पदर तोंडाला लावून म्हणाली, "प्रीतीचं लगीन होऊ द्या. मंग सगळ्या गावाला मीच सांगते. एकीचं कळलं की म्हणतील, घरातच हाय, दुसरीला बी होईल. राजानंद सरांच्या कानावर गेलं की सोयरीक गेली. तुम्ही माहेरचे म्हणून सांगून राह्यले. शब्द द्या."

"आणि शिबिर?"

"म्या नकोच म्हणते. ती ऐकत न्हाई. चार दिवस जेवली न्हाई नीट शिबिरासाठी. अशा पोरीनं जेवण सोडणं म्हंजे काय, तुम्हाला आता कळलं."

मी शब्द दिला. परत येताना उन्हात मला कळेना, मी बरं केलं का वाईट. सर चांगले गृहस्थ आहेत. त्यांना अंधारात ठेवतोय. पण आजार मीनाच्या घरातला, तो सांगायचा हक्क माझ्याकडे कुठून आला? न सांगणं आणि खोटं बोलणं यात फरक आहे, असं मनाला दहादा सांगितलं. ज्याला दहादा सांगावं लागतं ते मनाला पटलेलं नसतं.

२३ एप्रिल

साक्षीचं नाव यादीतून काढलं. मीनाकडे निरोप पाठवला, यादी भरली, पुढच्या वर्षी बघू. पोर सुरक्षित राहील. शब्दही राहिला. शिबिरही राहिलं.

तिचा पांढरा कुर्ता-पायजमा शिवून तयार होता. कपाटात सगळ्यात खाली ठेवला.

२४ एप्रिल

दुपारी साक्षी दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. उभ्या उभ्याच म्हणाली, "मामा, यादी भरली म्हणाले तुम्ही. म्या मोजली. माझ्यासकट अडतीस व्हते. आता सदतीस हायत."

मी मशीनमध्ये दोरा ओवत राहिलो. ओवला जाईना.

"मला सुई घेता येती. साखर मोजता येती. काय झालं की काय करायचं ते बिलकुल माहीत हाय, डॉक्टरनी कागदावर लिहून दिलंय. फेब्रुवारीपासून घरात सगळे माझ्याशी हळू बोलून राह्यले. आई माझ्या ताटाकडं बघती. ताई माझ्याकडं बघून रडती. म्या काय मरून राह्यले का? मला दहा दिवस सगळ्यांसारखं राहायचंय, बस."

"बाळा, पण त्या दिवशी पडलीस ना तू."

"त्या दिवशी खडीसाखर माझ्या खिशात व्हती मामा."

मी वर पाहिलं.

"मंग खाल्ली का न्हाई?"

"कशी खाऊ? तुम्ही सगळ्यांना सांगितल्तं ना, ही गोड सोडलेली पोरगी. तीनपासून मला कळून राह्यलं होतं. पण सगळ्या पोरी माझ्याकडंच बघत होत्या."

ती गेली. मी दुकान तसंच उघडं टाकून मागच्या बाजूला जाऊन बसलो. तिला ऊन लागलं नव्हतं. तिला आजारानेही पाडलं नव्हतं. मी टाळ्या मिळवल्या होत्या, त्या तिच्या खिशावर जाऊन बसल्या.

२६ एप्रिल

सकाळच्या गाडीने मंठ्याला गेलो. भन्तेजी सध्या तिकडच्या विहारात आहेत. त्यांना सगळं सांगितलं. शब्द मोडला, पण त्यांच्यापाशीच. पुढे कुणाला सांगू नका म्हणालो तर त्यांनी नुसतं पाहिलं.

मग म्हणाले, "टेलर, तुम्ही बावीस वर्षं उपोसथ करता. कशासाठी?"

"मन ताब्यात यावं म्हणून."

"आलं?"

मी पिशवीचा बंद सोडून पुन्हा बांधला.

ते म्हणाले, "आजारी भिक्षूला बारानंतर गूळ, मध, तूप घ्यायची मोकळीक पहिल्यापासून आहे. तुमची लेकरं तर भिक्षूही नाहीत. ज्याला सहावं शील झेपत नाही त्याने ते म्हणू नये. बाकीची घ्यावीत. हे विचारायला वाटूरहून मंठ्याला यायची गरज होती का?"

नव्हती. मला माहीत होतं. सेवकांच्या बैठकीत ते आठवलं नाही, कारण तेव्हा मी आकडा सांगत होतो.

२७ एप्रिल, रविवार

अमावस्या. उपोसथ केला. बारानंतर काही खाल्लं नाही, पण घड्याळाकडे मात्र सारखा बघत होतो. चार वाजले तसं वाटलं, आत्ता तिला काय होत असेल. एवढ्या वर्षांत उपोसथाच्या दिवशी दुसऱ्याच्या भुकेचा विचार कधी आला नव्हता.

संध्याकाळी मीनाकडे गेलो. कडुबा आलेला होता. दोघांना समोर बसवून म्हणालो, "साक्षी येईल. पण माझ्या तीन गोष्टी. एक, मीना, तू दहा दिवस स्वयंपाकाला यायचं आणि पोरीजवळ झोपायचं. दोन, केशरबाईला माहीत झालंच हाय, भन्तेजींना मी सांगितलंय, ते मला माफ करा. तीन, तो रकाना तुम्ही तुमच्या हातानं भरा, म्या पाकिटात बंद करून ठेवतो."

मीना म्हणाली, "लग्नाचा बस्ता बाकी हाय, पापड-कुरडया बाकी हायत."

कडुबा एवढा वेळ भिंतीला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "पापड म्या लाटतो. मिलमधी लोखंड लाटतोच की." साक्षी खळखळून हसली. त्या घरात फेब्रुवारीनंतर कुणी एवढ्या मोठ्याने हसलं नसावं, असं मला वाटलं.

रकाना मीनाने भरला. सहा ओळी लागल्या.

२९ एप्रिल

सेवकांची शेवटची बैठक. मी मांडलं की संध्याकाळी साडेपाचला भाकर-वरण ठेवावं, ज्याला हवं त्याने खावं, कुणी कारण विचारू नये. सर नाराज झाले. "सचिव, तुम्हीच म्हणत होतात, काही होत नाही."

"चुकलो सर."

"भन्तेजी म्हणतात तर ठेवा ताटं. पण मी सांगतो, एकही पोरगं उठणार नाही. चाळीस जणांसमोर कोण म्हणेल, मला झेपत नाही? बसल्या जागी चक्कर येऊन पडतील, पण उठणार नाहीत. त्या वयात मी तरी उठलो नसतो."

केशरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सरांना कारण माहीत नाही, पण सर बोलले ते सोळा आणे खरं. मोकळीक देऊन काही होत नाही. खडीसाखर तर तिच्या खिशातच होती.

रात्री, म्हणजे आत्ता, एक विचार मनात आलाय. तो लिहीत नाही. लिहिला की मी स्वतःला शाबासकी द्यायला लागेन.

१ मे

घरचा फ्रिज विहारात नेला. सायकलगाड्यावर दोरीने बांधून, फाट्यावरून वाजतगाजत. निघताना बायको, नंदा, दारात उभी. म्हणाली, "ऐन मे महिन्यात फ्रिज कुठं चालला?"

"विहारात. ताकाला."

"बरं. ताकाला." तिने फडकं आणलं आणि दाराचा वरचा खण आतून स्वच्छ पुसून काढला. "केशरबाईला म्हणावं, हा वरचा खण मोकळा राहू द्या. यात ताक-बिक न्हाई ठेवायचं." तिला पातेल्यांचे डाग आवडत नाहीत, तेवढ्यासाठी असेल.

दुपारी राजानंद सर विहारात आले. त्यांच्या मॅडम, प्रियदर्शनीताई, उपकेंद्रावर नर्स आहेत. त्यांनी लसीच्या डब्यातल्या बर्फाच्या दोन पट्ट्या पाठवल्या होत्या. सर म्हणाले, "मॅडमचा निरोप आहे, वीज गेली तर या वरच्या खणात लावा. तुमच्या ताकाची आमच्या घरातसुद्धा काळजी, सचिव!" आणि हसले. मॅडमना स्वच्छतेचं फार आहे. लग्नघर असून एवढं लक्षात ठेवलं.

मीना बाजूला भांडी मोजत होती. पट्ट्या बघितल्या तशी ती "मॅडमनी धाडल्या?" म्हणत एकदम खाली बसली. उन्हाने असेल. तिला पाणी दिलं.

२ मे

सदतीस जोड कपाटातून काढले, इस्त्री केली. अडतिसावा तळातून काढला. कंबर आत घेऊन चोवीसची तेवीस करावी का, असं वाटलं. नाही केली.

झोप येणार नाही असं दिसतंय. भीती भुकेची नाही. बावीस वर्षांत गावाने मला एकाच गोष्टीसाठी ओळखलं. टेलर चांगला आहे असं कुणी म्हणत नाही, बाह्या माझ्या कधीकधी चुकतात. पण उपोसथाला पक्का, असं सगळे म्हणतात. ते गेलं की माझ्याजवळ काय राहतं, ते बघायची भीती आहे.

३ मे, शनिवार

सकाळी सातला शिबिर सुरू झालं. आयांनी दारातच लेकरांना दहादा पोटाशी धरलं, तो दम्याचा मुलगा आईच्या मिठीतून दहादा सुटला. फोन गोळा झाले. कचरूबाबा खरंच पिशवी घेऊन आले होते, त्यांना समजावून परत पाठवलं.

भन्तेजींनी शीलं दिली. ते म्हणत, मागोमाग सगळे म्हणत. पाचपर्यंत मी म्हटलं. सहावं आलं, अवेळी न जेवण्याचं, आणि मी तोंड मिटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. भन्तेजींची नजर माझ्यावरून गेली, थांबली नाही. माझ्या मागच्या रांगेत आणखी कुणी गप्प राहिलं का, ते मी वळून पाहिलं नाही. मग सातवं, आठवं म्हटलं.

नाश्ता केला नाही. अकराच्या पंगतीत वाढायला राहिलो, जेवायला बसलो नाही. नंदा वाढायला आली होती, ती बघत होती. कारण हे की, संध्याकाळी कुणी विचारलं तर मला खरं बोलता यायला हवं होतं.

दुपार फार लांब गेली. चारनंतर माझ्याच डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली.

साडेपाचला केशरबाईंनी मागच्या ओसरीत ताटं मांडली. भाकर, वरण, वांग्याची भाजी. मी मुलांना सांगितलं, "ज्याला भूक असंल त्याने यावं." सर दारात हाताची घडी घालून उभे. अडतीस पांढरे कपडे जागच्या जागी. कुणी हललं नाही. साक्षी खिडकीपाशी होती, मांडीवर हात घट्ट. तिच्या मागे मीना.

मी आत गेलो, पहिलं ताट घेतलं आणि सगळ्यांना दिसेल असा ओसरीच्या मधोमध बसलो.

सर म्हणाले, "सचिव, तुम्ही?"

"भूक लागली सर."

मागून कॉलेजच्या सेवकांपैकी एक म्हणाला, "घ्या! टेलरमामाची बावीस वर्षं भाकरीसंगं गेली." दोघेतिघे हसले. सर हसले नाहीत. ते वळून निघून गेले. कान तापले होते माझे. मी भाकर मोडली आणि पहिला घास घेतला. खूप गोड लागला, हे इथे लिहायलाच हवं.

मुलांमधला जाड्या प्रेम सगळ्यात आधी उठला. "मामा, खरंच खायचं का? नंतर नाव लिहून घ्याल."

"कुणाचंच लिहीत न्हाई."

तो बसला. मग दम्याचा मुलगा. मग दोन बहिणी एकमेकींना ढकलत आल्या. मग एकदम पाचसहा जण, आणि भाकरी थापायला केशरबाईंना पुन्हा तवा ठेवावा लागला. "आता दिसला का बुद्ध?" त्या आतून कुणाला तरी म्हणत होत्या. अकरा लेकरं जेवली. साक्षी त्यांत कितव्या जागेवर बसली होती ते मला सांगता येणार नाही. गर्दी झाली तशी मी ताटातून मान वर केली नाही. दीड भाकर खाल्ली.